सेंबुंगान: जावाच्या डोंगरावरचं बटाट्याचं गाव

दिवस पहिला: बस, शेवया आणि ढगातली वाट

इंडोनेशियातल्या योग्याकार्तातलं आमचं आठवडाभराचं प्रशिक्षण संपलं, तेव्हा हातात पाच दिवस होते. बरोबरचे बहुतेक जण बालीला गेले. मी डोंगराची बस धरली. त्याचं कारण आधी सांगते. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. पावसाळ्यात आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे बटाटा. मंचरच्या बाजारात पंजाबचं बियाणं उतरलं की घरात दुसरा विषय नसायचा, आणि धुई दाटली की वडील रात्रीतून दोनदा उठून बाहेर जायचे, करपा, म्हणजे पानं जाळणारा रोग, येतो की काय या धास्तीनं. जावा बेटावरचं सगळ्यात उंच गाव बटाट्यावर जगतं, हे कानावर आल्यावर मला बाली सुचेनाच.

योग्याकार्ताहून मागेलांग, तिथून वोनोसोबो आणि मग डिएंगचं पठार, अशा तीन बसगाड्या. मागेलांगपर्यंत सपाट भातखाचरं. जुलै महिना, म्हणजे तिथला कोरडा हंगाम, तरी एका खाचरात लावणी चाललेली, शेजारी ओंब्या भरलेल्या आणि त्याच्या पलीकडे कापणी. आपल्याकडे भाताचा एक हंगाम असतो. इथे ज्वालामुखीची माती आणि बारमाही पाट असल्यामुळे भाताचं कॅलेंडर ज्याच्या त्याच्या खाचराचं. तमांगुंग सोडलं की तंबाखू लागतो. क्लेडुंगच्या खिंडीत बस चढते तेव्हा एका हाताला सिंदोरो आणि दुसऱ्या हाताला सुंबिंग, दोन्ही तीन हजार मीटरच्या वरचे ज्वालामुखी. मी दोन्हीकडच्या खिडक्यांकडे बघत राहिले. एकाकडे बघावं तर दुसरा निसटत होता.

वोनोसोबोत जेवायला उतरले. इथला पदार्थ म्हणजे 'मी ओंगक्लोक'. बांबूची छोटी दांड्याची टोपली असते, तिलाच ओंगक्लोक म्हणतात. तिच्यात शेवया, कोबी आणि कुचाई नावाची कांद्याच्या पातीसारखी पालेभाजी घालून टोपली उकळत्या पाण्यात वरखाली हलवायची आणि बशीत उलटी करायची. वर पिठाचा दाट, सुक्या कोळंबीच्या वासाचा रस्सा. सोबत 'तेंपे कमुल'. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि कमुल म्हणजे पांघरूण. हळद घातलेल्या पिठाचं पांघरूण घेतलेली ती वडी कढईतून थेट ताटात आली. थंड गावात खाण्यालासुद्धा पांघरूण घालावंसं वाटलं, ते मला फार आवडलं.

वोनोसोबो ते डिएंग सव्वीस किलोमीटर. चढ सुरू होतो, आधी चहाचे मळे दिसतात, मग तेही संपतात आणि वास यायला लागतो. मी तो वास डोळे मिटूनही ओळखला असता: कोंबडखत. रस्त्याच्या कडेनं कोंबडखताच्या गोण्यांची थप्पी लागलेली, किलोमीटर न् किलोमीटर. गोण्यांच्या मागे उभी चढण, आणि त्या चढणीवर अगदी माथ्यापर्यंत बटाटा. डोंगराचा एक वीतभर तुकडासुद्धा मोकळा नव्हता. झाड म्हणाल तर क्वचित, बांधाच्या टोकाला एखादं.

डिएंगच्या तिठ्यावरून सेंबुंगान सात-आठ किलोमीटर. 'ओजेक' म्हणजे भाड्याची मोटरसायकल. चालवणाऱ्यानं हेल्मेट दिलं, स्वतःच्या खांद्यावरची लुंगी, ज्याला ते 'सारुंग' म्हणतात, ती अंगाभोवती घट्ट लपेटली आणि आम्ही ढगात शिरलो. गाव दिसलं ते एकदम पायाखाली आल्यावरच: खोलगट जागेत एकमेकांना खेटून बसलेली घरं, पत्र्याची आणि कौलांची छपरं, मधून उंच झालेला मशिदीचा घुमट, आणि गावाच्या टोकाला तळं. उंची सुमारे 2,300 मीटर. गावाच्या वेशीवर तसा फलकच आहे: जावातलं सर्वांत उंच गाव.

ज्यांच्या घरी उतरले, त्यांनी दारातच "मोंग्गो, पिनाराक" म्हटलं. या, बसा. आपल्याकडे पाव्हण्याला म्हणतो तेच, त्याच चालीवर. घरातल्या बाईंना मी 'बू' म्हणायचं, घरधन्याला 'पाक', त्यांच्या आईला 'म्बाह'. मला ते 'म्बाक' म्हणायला लागले, म्हणजे ताई. त्यांची मुलगी वोनोसोबोला शिकायला असते, सुट्टीला आली होती. तिचं इंग्रजी आणि माझं महिनाभर घोकलेलं इंडोनेशियन यांच्यावर आमचे पाच दिवस निभावले.

संध्याकाळी सगळे चुलीशी. बसायला 'डिंगक्लिक', आपल्या पाटाला उंच पाय लावावेत तसं. थर्मामीटर कुणाकडे नव्हता, पण बोलताना तोंडातून वाफ येत होती. म्बाहंनी चुलीकडे हात करून मला शब्द शिकवला: "गनी." अग्नी. मी आपला शब्द सांगितला, तर त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, आगीला सगळीकडे आगच म्हणत असतील.

दिवस दुसरा: उताराच्या सऱ्या

पहाटेच्या अजानीनंतर लगेच गाव जागं झालं. पाक बाहेर जाऊन पाला चाचपून आले आणि "नाही पडलं" म्हणाले. काय नाही पडलं, ते मुलीनं समजावलं: 'एंबुन उपास'. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या, निरभ्र रात्री इथे पारा शून्याखाली जातो आणि पानांवरचं दव गोठतं. एंबुन म्हणजे दव, उपास म्हणजे विष. विषारी दव. ऊन पडलं की गोठलेली पानं काळी पडतात आणि दोन-तीन दिवसांत अख्खा तुकडा जळाल्यासारखा होतो. उपाय एवढाच, की सूर्य वर यायच्या आत पानांवर पाणी मारून ते बर्फ उतरवायचं. पर्यटक हे पांढरं गवत बघायला मुद्दाम येतात, फोटो काढतात. मला मात्र पाला चाचपणारा पाकांचा हात बघून वडिलांचं अंधारात आभाळ बघणं आठवलं. आमच्याकडे ढग आले की भीती, इथे आभाळ स्वच्छ झालं की भीती.

मग आम्ही शेतात गेलो. त्यांचं शेत म्हणजे डोंगराच्या कुशीतले चार तुकडे. त्यातल्या एकात काढणी होती. पाला आठ-दहा दिवस आधीच कापून टाकलेला. बू रुंद पात्याच्या आखूड कुदळीनं वरंब्याची एक बाजू हलकेच उलटवायच्या, आणि मागे बसलेल्या दोघीजणी हातानं माती चाळून बटाटे पुढे लोटायच्या. मीही बसले. माती काळी, भुसभुशीत आणि हलकी, हातात घेतली तर वजन लागू नये इतकी. आमच्याकडच्या मातीत ढेकूळ असतं, इथे ढेकूळ औषधालाही नाही. बटाटा निघतो तोच स्वच्छ, पिवळसर सालीचा. वाण ग्रानोला, मूळचं जर्मनीचं. आतला गर लोण्यासारखा पिवळा.

बियाण्याचीही गंमत बघितली. आपण बियाण्याच्या फोडी करतो, डोळे बघून. इथे फोडी करत नाहीत, अंड्याएवढे छोटे बटाटे अख्खेच लावतात. घरामागच्या पडवीत लाकडी फळ्यांवर ते पसरून ठेवलेले, मंद उजेडात, म्हणजे मोड आखूड आणि जाड येतात. पाकांनी एक उचलून माझ्या हातावर ठेवला. मी मोड अंगठ्यानं हळूच दाबून बघितला. चांगला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेव्हापासून मला जास्त शिकवायचं सोडून दिलं. पुढचे दिवस आम्ही दोन शेतकऱ्यांसारखं बोललो.

आता त्या सऱ्यांबद्दल. पहिल्याच नजरेला मला काहीतरी खटकलं होतं, पण परक्या घरी पहिल्या दिवशी बोलू नये म्हणून गप्प होते. सऱ्या उताराला आडव्या नव्हत्या. त्या वरून खाली सरळ सोडलेल्या होत्या, केसांत फणी फिरवावी तशा. आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की उताराला आडवं पेरावं, समपातळीत बांध घालावा, पाणी अडवावं. इथे इतक्या उभ्या डोंगरावर सगळ्या सऱ्यांची तोंडं दरीकडे. पाऊस पडला की माती कुठे जात असेल, ते सांगायला कुणी लागत नाही.

दुपारी भात खाताना मी विचारलंच. पाकांनी उत्तर द्यायच्या आधी कुदळीच्या दांड्यानं जमिनीवर दोन रेघा काढल्या, एक आडवी, एक उभी. आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, इथे पाणी थांबतं. पावसाळ्यात सहा-सहा महिने ढग या गावातून हलत नाहीत. सरीत पाणी थांबलं की बटाटा कुजतो, आणि त्याच्याआधी करपा येतो. मग उभ्या रेघेवर बोट: इथून पाणी जातं. जाताना माती घेऊन जातं, ते मला माहीत आहे. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

गावात बटाटा फार जुना नाही. म्बाहंच्या तरुणपणी इथे तंबाखू होता, मका होता, कोबी होता. रोजचं जेवण म्हणजे मक्याचा भात, 'सगो जागुंग', आणि खारवलेला मासा. डिएंगभर बटाटा पसरला तो 1980 च्या दशकात. पश्चिम जावात आधीपासून बटाटा होत होता, तिथल्या पद्धती इथे आल्या, आणि वर्षातून तीन-तीन पिकं निघायला लागली. म्बाहंच्या घराच्या बांबूच्या भिंती गेल्या आणि विटांच्या आल्या. नवरा-बायको दोघं हजला जाऊन आले. भिंतीवर काबाची मोठी चौकट आहे, तिच्याखाली नातवंडांच्या पदवीचे फोटो. म्बाहंनी एकेका वस्तूवर बोट ठेवून मला सांगितलं: बटाटा, बटाटा, हाही बटाटा. हे ऐकल्यावर बाहेरून येऊन कुणी "यांनी डोंगर उजाड केला" असं म्हणालं, तर मी ते मान हलवून ऐकून घेणार नाही. आणि डोंगर उजाड झालेला नाही, असंही मी म्हणणार नाही.

संध्याकाळी तळ्याच्या काठानं चालले. नाव तलागा चेबोंग. चेबोंग म्हणजे बेडकाचं पिल्लू. काठाला पंपांची रांग आणि तिथून निघालेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, शेकडो, एकमेकींवरून गेलेल्या, डोंगराच्या चारी अंगांनी वर चढलेल्या. कोणती नळी कुणाची हे गावातलं पोरगंसुद्धा सांगतं. पाण्यावरून भांडणं होतात का, विचारलं. मुलगी म्हणाली, कोरड्या हंगामात होतात. मग सगळे रात्रीचे इथे येऊन बसतात.

दिवस तिसरा: अर्जुन, श्रीकांडी आणि सेमार

आज देवळं. डिएंग हे नाव 'डि ह्यांग' वरून आलं असं मानतात: देवांचं ठाणं. पठाराच्या मधोमध सपाट गवताळ जागेत सातव्या-आठव्या शतकातली शिवमंदिरं आहेत, जावातल्या आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या दगडी बांधकामांत मोजली जाणारी, म्हणजे बोरोबुदुरच्या प्रसिद्ध बौद्ध स्तूपाच्याही आधीची. इथे सापडलेल्या एका शिलालेखावर इसवी सन 809 चा काळ आहे. पुढे कधीतरी वस्ती हलली आणि देवळं दलदलीत बुडाली. 1814 मध्ये एका ब्रिटिश सैनिकानं ती बघितली तेव्हा आजूबाजूला तळंच होतं. त्या शतकाच्या मध्यात पाणी काढून दिलं, तेव्हा देवळांचे पाय मोकळे झाले.

मूळ नावं कुणालाच ठाऊक नाहीत. आजची नावं नंतरच्या गावकऱ्यांनी आपल्या मनानं ठेवलेली, आणि ती सगळी महाभारतातली: अर्जुन, श्रीकांडी, पुंतादेव, सेंबाद्रा. पुंतादेव म्हणजे युधिष्ठिर, सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा. थोड्या अंतरावर घटोत्कच आणि भीम. अर्जुनाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून, सेमारचं बुटकं, आडवं देऊळ.

मराठी माणूस इथे आला की "अरे, हे तर आपलंच" असं त्याच्या तोंडून निघणार, माझ्याही निघालं. पण मुलीबरोबर फिरताना ते शब्द मी मागे घेतले. कारण सेमार आपल्या महाभारतात नाही. तो जावाचा. ढेरपोट्या, गरीब, पांडवांचा सेवक आणि सल्लागार, आणि खरं तर देवांहून मोठा देव, जो माणसांत नोकर होऊन राहिला. राजपुत्र चुकले की त्यांना तो सुनावतो. श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी. इथे ती पूर्ण स्त्री आहे, धनुर्धारी, आणि अर्जुनाची बायको. मुलीच्या शाळेत खेळाडू मुलींच्या चमूला श्रीकांडी म्हणायचे. घटोत्कच आपल्याकडे एका रात्रीच्या युद्धापुरता येतो, इथे तो आभाळातून उडणारा लाडका वीर आहे, 'तारेचे स्नायू, लोखंडाची हाडं' असलेला. तेराशे वर्षांत या लोकांनी ती माणसं आपल्या घरची करून घेतली. रोज पाच वेळा नमाज पढणारं हे गाव, आणि पाक मला सहज म्हणाले, अर्जुन आमचे पूर्वज. त्यांना त्यात काही जोडून घ्यावं लागत नाही.

श्रीकांडीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर तीन मूर्ती कोरलेल्या आहेत, उत्तरेला विष्णू, पूर्वेला शिव, दक्षिणेला ब्रह्मा. दगड इतका झिजलाय की विष्णूचे हात मोजायला बोट लावावंसं वाटतं. मी लावलं नाही. अर्जुनाच्या देवळाच्या उत्तर भिंतीतून अभिषेकाचं पाणी बाहेर पडायचा दगडी पन्हळ अजून आहे. आत पिंडी नाही, पाणी घालणारं कुणी नाही, पण पन्हळाचं तोंड तसंच उघडं. भीमाचं देऊळ सगळ्यांत वेगळं, शिखर थेट भारतीय देवळाच्या घडणीचं, आणि त्यावरच्या छोट्या कमानींतून दगडी चेहरे बाहेर डोकावतात, चाळीच्या खिडक्यांतून शेजारी डोकावावेत तसे.

जवळच्या कैलास संग्रहालयात एक शिल्प बघितलं, ते मनातून जाईना. शिव नंदीवर बसलेला, पण नंदीचं अंग माणसाचं आणि डोकं बैलाचं. देवाला खांद्यावर घेऊन तो मांडी घालून बसलाय. असा नंदी मी आपल्याकडे कुठे पाहिला नव्हता.

परतताना एका दुकानापाशी चार-पाच वर्षांची मुलगी खेळत होती. डोक्यावरचे बाकी केस मोकळे, आणि मागच्या बाजूला तीन-चार घट्ट जटा. माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला, मुलीच्या केसांत जट दिसली की यल्लम्माचं बोलावणं आलं असं धरून किती पोरींचं आयुष्य देवाच्या नावानं संपवलं गेलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्या आजही घरोघर जाऊन, समजूत घालून जटा कापतात.

इथे याला 'रांबुत गिंबाल' म्हणतात. लहानपणी एकदा मोठा ताप येतो आणि त्यानंतर केस असे होतात, अशी डिएंगच्या गावांतली समजूत. क्याई कोलोदेते नावाच्या आदिपुरुषाचा तो वारसा मानतात. केस कापायचे ते विधी करून, पण कधी, हे मूल ठरवतं. मूल स्वतः म्हणेपर्यंत कुणी कात्री लावायची नाही. आणि त्या दिवशी ते जे मागेल ते आईबापांनी द्यायचं, सायकल असो की बकरी. त्याशिवाय कापले तर केस पुन्हा तसेच येतात आणि मूल आजारी पडतं, असा विश्वास. कापलेले केस पाण्यात सोडतात. 2010 पासून डिएंगच्या उत्सवात हा विधी सार्वजनिकरीत्याही होतो.

मी त्या मुलीच्या आईला विचारलं, हिनं काही मागितलंय का? आई हसून म्हणाली, रोज वेगळं मागते, म्हणून थांबलोय. मुलगी आमच्याकडे बघून तोंड लपवत होती. समजूत म्हणून बघितलं तर तीही समजूतच, आणि ताप-जटांचा संबंध मला पटत नाही. पण एका समजुतीनं मुलीचं मागणं ऐकायला घर थांबतं आणि दुसऱ्या समजुतीनं मुलीला विचारतही नाहीत, हा फरक मला रात्रभर टोचत राहिला.

दिवस चौथा: सिकुनिर, आणि सिनिलाची गोष्ट

पहाटे चारला सिकुनिर टेकडी. सेंबुंगानहून अर्धा तास पायऱ्या. सूर्योदय सुंदर होता, सिंदोरो समोर काळा आणि त्याच्यामागे दूरवर मेरापी ज्वालामुखीची वाफ. त्याचे फोटो जगभर आहेत, त्यात मी भर घालत नाही.

दुपारी सिकिदांग. उकळत्या चिखलाचा खड्डा आणि गंधकाचा वास. 'किदांग' म्हणजे हरीण, आणि हा खड्डा जागा बदलत उड्या मारतो म्हणून हे नाव. जवळच भूगर्भातल्या वाफेवर वीज करणाऱ्या केंद्राचे जाड नळ बटाट्याच्या शेतांमधून गेलेत, आणि बायका त्या नळांच्या खालून वाकून कामाला जातात.

हे सगळं बघताना पठार खेळकर वाटतं. मग पाक मला मोटरसायकलवर बातूरच्या दिशेला घेऊन गेले आणि एका वळणावर थांबले. 1979, फेब्रुवारीची 20 तारीख. पहाटे भूकंपाचे धक्के बसले, सिनिला विवराचा स्फोट झाला. कपुचुकान नावाच्या वस्तीतले लोक घाबरून घरं सोडून पळाले, मुलंबाळं घेऊन, रस्त्यानं खाली. खालच्या बाजूला जमिनीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. त्याला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड, त्यामुळे सखल जागेत साचतो. ते धावत त्यातच शिरले. सुमारे दीडशे माणसं गेली, बरीचशी रस्त्यावर, चालता चालता. घरांत थांबले असते तर वाचले असते, असं पाक म्हणाले नाहीत. ते म्हणाले, आगीला भिऊन कोण पळणार नाही? ती वस्ती पुन्हा उभी राहिली नाही. आता तिथेही बटाटा आहे.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इथला प्रत्येक शेतकरी पोराला सांगतो: शेतात काम करताना किडे मेलेले दिसले, पाखरू पडलेलं दिसलं, तर कुदळ तिथेच टाकायची आणि चढावर पळायचं. खाली नाही. वर.

रात्री बूंनी कारिकाचा पाक केला. कारिका ही डोंगरी पपई, मूळची दक्षिण अमेरिकेची, मुठीएवढी, आणि या उंचीवर मजेत वाढते. नुसती चोखली तर चीक लागतो. सालं काढून फोडी करायच्या, आणि बिया फेकायच्या नाहीत, त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर गाळून पाकात घालायचा, सगळा वास त्यातच असतो. बू गाळण्यावर बिया चमच्यानं घोटत होत्या, माझी आजी चिंचेचा कोळ काढायची तसं मनगट फिरवत. म्बाह चुलीशी बसून मला विचारत होत्या, तुमच्याकडे बटाट्याला भाव कोण ठरवतं? मी म्हटलं, व्यापारी. त्यांनी मान हलवली. "इथेही."

पाकांनी त्या रात्री स्वतःहून पुन्हा सऱ्यांचा विषय काढला. चारातला एक तुकडा, सगळ्यात वरचा, त्यांनी यंदा वेगळा ठेवलाय. तिथे कडेनं कारिका आणि कॉफीची रोपं लावलीत, आणि मधे बांध घालून आडव्या सऱ्यांत थोडा बटाटा, पाणी जायला तिरका चर ठेवून. निघेल की नाही माहीत नाही. मोठा भाऊ हसतो, म्हणतो, चार तुकड्यांतला एक घालवलास. पण दोन वर्षांपूर्वी त्या तुकड्यात कुदळ मारली तेव्हा खालचा पिवळा, कडक थर लागला होता. "काळी माती संपली होती," ते म्हणाले, आणि हाताची वीत करून दाखवली, मग ती वीत हळूहळू मिटवत मुठीएवढी केली.

दिवस पाचवा: भीमाचा झरा ते म्रिचा

निघताना बूंनी पिशवीत बटाटे घातले, मोड आलेले, बियाण्याचे. "तुझ्या बाबांना लावायला दे." मला भरून आलं. पण असं बियाणं परवान्याशिवाय विमानातून नेता येत नाही, आणि नेऊही नये. मातीबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, जातात, रोग जातात, एका पिशवीनं पठारच्या पठार बाधित होतं. हे त्यांना दुखावल्याशिवाय कसं सांगावं, या विचारात मी उभी होते. पाकांनीच बूंना सांगितलं. बू आत गेल्या आणि अर्ध्या तासानं आल्या. पिशवी तीच, आता गरम. खायचे बटाटे सालीसकट उकडून दिलेले, सोबत पुडीत मीठ आणि हिरव्या मिरच्या. पाकांना मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझे हात हातात घेतले. म्बाह दारात होत्या. "देसात परत ये," म्हणाल्या. त्यांच्या भाषेत देसा म्हणजे गाव. आम्ही घाटावरचे लोकही आमच्या मुलखाला देशच म्हणतो.

डिएंगच्या उतरणीवर तुक बिमा लुकार, सेरायू नदीचा उगम. दगडी पन्हळांतून थंडगार पाणी पडतं. पांडव आणि कौरवांमध्ये नदी खणायची पैज लागली आणि भीमानं वस्त्रं उतरवून एका रात्रीत नदी काढली, ही इथली कथा. लुकार म्हणजे वस्त्र उतरवलेला. मी तोंड धुतलं, पाणी प्यायले. इतकं स्वच्छ की हातातल्या रेषा दिसत होत्या.

योग्याकार्ताची थेट बस न धरता मी सेरायूबरोबर खाली गेले, बांजारनगाराच्या पुढे म्रिचाच्या धरणापर्यंत. हे धरण 1989 पासून चालू आहे, वीज केंद्राची क्षमता सुमारे 180 मेगावॉट. आणि ते गाळानं भरत चाललंय. ही गोष्ट जावाभर माहीत आहे, मला पाकांनी सांगितली होती. जलाशयाच्या वरच्या टोकाला जाऊन उभी राहिले. जिथे पाणी असायला हवं, तिथे गाळाची सपाट मैदानं होती, त्यावर गवत उगवलेलं, आणि मधून नदी वाट काढत होती. एक म्हातारा छोट्या होडीतून बांबूनं ढकलत चालला होता. दर दोन-तीन वावांवर त्याचा बांबू गाळात रुतायचा आणि तो थांबून उपसून काढायचा.

काठावर बसून मी पिशवी उघडली. बटाटे अजून कोमट होते. साल सोलली, मीठ लावलं, मिरचीचा तुकडा मोडून घेतला. आतला गर पिवळाधमक आणि पिठूळ, तोंडात विरघळणारा. सहा होते, पाच खाल्ले.

मग बूट काढले. परदेशातली माती घरी न्यायची नाही, हे पाकांनी बूंना सांगितलं, तसं मलाही पाळायचं होतं. तळव्याच्या खाचांत सेंबुंगानची माती घट्ट बसली होती, वाळून काळी झालेली. काडीनं एकेक खाच कोरून ती मी काठावर पाडली. पायाशी ओला गाळ होता. पाडलेली माती आणि तो गाळ, दोन्हींचा रंग एकच. वरून बस थांब्यावरून कंडक्टर योग्याकार्ताच्या नावानं ओरडत होता. मी बूट घातले आणि उरलेला एक बटाटा कागदात गुंडाळून घेतला, रस्त्यात खायला.